वासाची खोली

दूध लागल्याचं मला यांनी सांगितलं. मी ओट्यापाशी उभी होते, पातेल्यावर वाकलेली, हातात पळी. आणि हे, म्हणजे माझे यजमान श्रीनिवास, दोन खोल्या पलीकडे पेपर वाचत बसले होते. तिथूनच म्हणाले, "दूध लागलंय. कंपनीचं नाक घरी चालत नाही वाटतं." मी गॅस बंद केला. पळीनं तळ खरवडला तर तपकिरी पापुद्रा वर आला. तो नाकाशी धरला, आणि काहीच आलं नाही. मग मी फळीवरून हिंगाची डबी काढली. आमच्याकडे हिंग एकात एक अशा तीन डब्यांत असतो, कारण माझ्या नोकरीत हिंगासारखा वैरी नाही. तिन्ही झाकणं उघडली, डबी नाकाला टेकवली. काही नाही. जायफळ, कॉफी, देवघरातला कापूर, एकेक हुंगत गेले. प्रत्येक वस्तू डोळ्यांना तिथं होती, बोटांना होती, आणि तरी कुणीतरी आतून कडी लावून घेतल्यासारखी गप्प होती. मी डबे पुन्हा जागच्या जागी ठेवले, कारण साडेसातला कंपनीची बस येते आणि ती कुणासाठी थांबत नाही. यांना चहा दिला. एक घोट घेऊन ते म्हणाले, "असू दे. लागलेलं दूध पचायला हलकं असतं म्हणतात. कोण म्हणतात ते विचारू नकोस."

यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. माणसाला सर्दी होते, जाते. पण मला सर्दी नव्हती, आणि सव्वीस वर्षं मी वास घेण्याचाच पगार घेत आले आहे. धायरीला जो हॅरिंग्टन अँड पीलचा साबणाचा कारखाना आहे, ज्याला आसपासची माणसं नुसती पील कंपनी म्हणतात, तिथं एक वासाची खोली आहे. कंपनी विलायतेची, कारखाना आपला. साबणाच्या तेलात काही बदल करायचा झाला की आम्ही पाच जण त्या खोलीत बसतो. समोर झाकलेल्या तीन वाट्या येतात. दोन वाट्यांत एकच साबण, तिसरीत वेगळा. कुठला वेगळा ते ओळखायचं आणि चिठ्ठीवर आकडा लिहायचा. आम्हाला ओळखता आलं नाही तर देशात कुणालाच ओळखता येणार नाही, असं धरून नवं तेल सगळीकडे जातं. त्या पाचांत मी प्रमुख, आणि आज अकरा वाजता आमच्या सर्वांत जुन्या साबणाची, वनमालाची, परीक्षा होती. वनमालात पहिल्यापासून वाळ्याचं तेल आहे. मूळ कंपनीचं म्हणणं असं, की जगभर एकच साबण आणि एकच वास असावा, आणि ते तेल आता त्यांच्या प्रयोगशाळेत बनेल. त्यासाठी तिकडून एक बाई मुद्दाम आल्या होत्या.

बसमध्ये मी खिडकीशी बसले. नारायण पेठेतून निघालेली बस सिंहगड रस्त्याला लागेपर्यंत निम्मी माणसं पेंगायला लागतात. मी डोळे मिटले ते झोपेसाठी नव्हे. मला आठवायचं होतं, की शेवटचा वास कुठला. एखादं माणूस गेल्यावर आपण जसं शोधत बसतो, शेवटचं काय बोलणं झालं होतं, भाजीबद्दल की पावसाबद्दल, तसं मी शोधत होते. दिवाळीत सरोजिनीच्या नव्या घरी वारज्याला गेलो होतो. सरोजिनी माझी मुलगी. दार उघडताच ओल्या रंगाचा वास आला होता. आला होता ना? की नव्या घराला रंगाचा वास येतो हे ठाऊक होतं म्हणून मी आत शिरताच म्हटलं, "रंग अजून वाळला नाही गं"? तिनं नातू हातात दिला. त्याच्या टाळूला मी नाक लावलं. तेल, दूध, आणि त्याच्या खाली ते जे लहान मुलांचं असतं ते. मी आता ते पुन्हा अनुभवू शकत होते, बसमध्ये, मिटल्या डोळ्यांनी, अगदी स्पष्ट. पण तो वास त्याचा होता की तीस वर्षांपूर्वीच्या सरोजिनीचा? लहानपणी तिला ताप येणार हे मला आदल्या संध्याकाळी कळायचं. तिच्या मानेशी एक गोडसर, फळ उतरल्यासारखा वास यायचा आणि मी यांना सांगायचे, उद्या शाळेत नाही जाणार ही. हे थर्मामीटर आणून खात्री करून घ्यायचे आणि मग थर्मामीटरलाच नावं ठेवायचे. संक्रांतीच्या आधी मला स्वतःला आठवडाभर ताप आला, तेव्हाच काही गेलं असेल का? पण त्यानंतर दोन परीक्षा झाल्या आणि दोन्ही बरोबर आल्या. मग मी त्या कशानं दिल्या? आठवणीनं? वनमाला मी इतकी वर्षं ओळखते की तो साबण समोर आला, नुसता आकार दिसला, तरी त्याचा वास माझा मीच तयार करत असेन. ही शक्यता मनात आली तेव्हा बस एका खड्ड्यातून गेली आणि पेंगणारे सगळे एकदम जागे झाले.

सदुसष्ट साली मी कंपनीत लागले ती प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला नव्हे, पण त्याहून फार वेगळ्या कामालाही नव्हे. तेव्हा विलायतेहून आलेला एक उंच साहेब होता. त्यानं एके दिवशी आम्हा मुलींना ओळीनं बसवून सात बाटल्या दिल्या आणि म्हणाला, लिहा. केवडा, मोगरा, चंदन हे सगळ्यांनी लिहिलं. सातव्या बाटलीत साधं पाणी होतं. बाकीच्यांनी गुलाब लिहिलं, खस लिहिलं, कुणी तर "विलायती फूल" लिहिलं. मी लिहिलं, हिच्यात काही नाही. साहेबानं माझ्याशी हात मिळवला, आणि घरी येऊन ते सांगितल्यावर सासूबाईंनी मला तो हात धुवायला लावला. मग नियम आले. परीक्षेच्या दिवशी कांदा-लसूण नाही, हिंग नाही. पावडर नाही, केसाला तेल नाही, फूल तर नाहीच. खोलीत शाईचं पेन चालत नाही, पेन्सिल लागते. साबणाच्या कारखान्यात आम्ही हात नुसत्या पाण्यानं धुतो, हे सांगितलं की लोक हसतात. परीक्षेचा दिवस आदल्या संध्याकाळी कळायचा, म्हणून मी रोजच तशी राहायला लागले. नणंदेच्या लग्नात सगळ्या बायका गजऱ्यांनी लदलेल्या आणि मी भुंडी. सासूबाई म्हणाल्या, "हिच्या डोक्यावर फूल चढवायला आता साहेबाचीच परवानगी आणा." यांनी तोंड वळवून हसू लपवलं. मला राग आला नव्हता, खरं सांगायचं तर अभिमान वाटला होता. या सगळ्या घमघमणाऱ्या बायकांत मी एकटीच स्वच्छ पाटी आहे, असं वाटलं होतं. मी मूर्ख होते असं नाही म्हणणार, पण त्या वयात कुणीतरी मला आवरायला हवं होतं.

वासाच्या खोलीत तांबडा दिवा असतो, साबणाच्या रंगात फरक असला तरी दिसू नये म्हणून. त्या उजेडात सगळ्यांचे चेहरे सारखे होतात, हात परके वाटतात. आम्ही पाच जण अर्धगोलात बसतो. प्रयोगशाळेतले दोघे, टायपिंगमधली एक मुलगी, पॅकिंग हॉलमधली शकू आणि मी. शकू धायरीचीच. साबण वापरणारं साधं माणूसही हवं म्हणून सहा वर्षांपूर्वी तिला घेतलं होतं. बोलायचं नाही हा नियम. पलीकडच्या खोलीतून माधव भिंतीतल्या खिडकीवाटे वाट्या सरकवतो. परीक्षा घेणं त्याच्याकडे. कुठल्या वाटीत काय ते फक्त त्याला ठाऊक. आधी एक सरावाची फेरी असते, नाक जागं करायला. मी पहिल्या वाटीचं झाकण उचललं, वाकले, श्वास घेतला. तांबडा उजेड आत गेल्यासारखा वाटला, आणखी काही नाही. दुसरी उचलली. मला एकदम भीती वाटली. इतकी वर्षं मी या खोलीत बसले ती घरी बसल्यासारखी, आणि आता मला उठून पळावंसं वाटत होतं. निदान स्वतःचा वास तरी येतो का, म्हणून मी पदराचं टोक नाकाला लावलं. माझ्या साड्या मी वेगळ्या, साध्या पाण्यात धुते. तरी सुताचा एक कोरा वास असायचा, उन्हाचा असायचा. तोही नव्हता. तिसरी वाटी मी उगाच हुंगली. चिठ्ठीवर काहीतरी लिहायलाच हवं होतं, मी दोन लिहिलं.

दहा मिनिटांनी माधवनं मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. चांगला मुलगा आहे, आमच्या पेठेतलाच. म्हणाला, "बाई, पाचही जणांनी दोन लिहिलंय."

"मग?"

"तिन्ही वाट्यांत एकच साबण होता. त्या पाहुण्या बाईंनी मुद्दाम तसं ठेवायला लावलं. आणि खिडकीतून बघत राहायला सांगितलं मला. दुसऱ्या वाटीनंतर आपण पदर नाकाला लावलात. त्यानंतर चौघांनी एकामागून एक पेन्सिली उचलल्या. त्याआधी कुणीच नाही."

मला कळायला वेळ लागला. पदराची सवय मला आहे, हे मला माहीत होतं. फरक सापडला की नाक धुऊन काढावं तसा मी पदर हुंगते. पण त्याकडे कुणी बघत असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. खोलीत पाच नाकं आहेत असं कंपनी समजत होती, मी समजत होते. प्रत्यक्षात एकच होतं आणि चार माणसं त्याच्यावर नजर ठेवून होती. आणि आता तेही एक नव्हतं. मी माधवला सांगून टाकलं, "मला वास येत नाही."

"सर्दी असेल."

"सर्दी नाही. कधीपासून तेही सांगता येत नाही."

तो म्हणाला, "हे आपण उद्या सांगितलं असतंत तर नसतं का चाललं?" आणि लगेच ओशाळला. पाहुण्या बाईंना पदराचं त्यानं अजून सांगितलं नव्हतं, आणि खरी फेरी व्हायची होती. "आपण नुसत्या बसा," तो म्हणाला, "पदराला हात लावू नका म्हणजे झालं."

"मी बसले तर ते वाट बघत बसतील. मी बाहेर थांबते. डोकं दुखतंय म्हणून सांग."

व्हरांड्यातल्या बाकावर मी बसले. समोर बॉयलरचं धुराडं, त्यापलीकडे कुंपण, कुंपणापलीकडे उरलीसुरली शेतं आणि त्यांच्यात उभ्या राहणाऱ्या इमारती. कारखाना वनमालाच्या वासात चोवीस तास बुडालेला असतो. नवा माणूस पहिल्या दिवशी डोकं धरतो. मला तिथं बसून सगळं लांबच्या नात्यातल्या लग्नासारखं वाटत होतं. चेहरे ओळखीचे, पण आपलं कुणी नाही. गाड्यावरून साबणाच्या वड्यांचे ट्रे जात होते. ऊन होतं. माझ्या मांडीवर माझे हात होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, हे असंच चालू राहिलं तर हळूहळू मी स्वतःलाही विसरेन, कुठल्या खोलीत आपण आहोत, कोण जवळून गेलं, काही कळणार नाही. आईची आठवण आली. ती गेली तेव्हा तिच्या लुगड्यांची घडी मी उघडली होती आणि आई तिथं होती, अख्खी, सुपारी-लवंगेसकट. आता ती कशी येणार माझ्याकडे? हे मला सकाळपासून सुचलं नव्हतं आणि नको तेव्हा सुचलं.

खरी फेरी सहा मिनिटांत होते. आज पंचवीस मिनिटं झाली. आत काय झालं ते माधवनं नंतर सांगितलं. माझी रिकामी खुर्ची आणि चौघं जण, पेन्सिली हातात, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. शेवटी चिठ्ठ्या आल्या. त्या घेऊन तो माझ्यापाशी आला. एक, दोन, एक, आणि शकूचं तीन. नवं तेल तिसऱ्या वाटीत होतं.

"एकीचं बरोबर आलं," मी म्हटलं.

"चारांत एक म्हणजे नशीब, बाई. तेवढं कुणाचंही येतं. हे नवं तेल पास झाल्यासारखंच आहे." मग त्यानं अहवालाचा कागद पुढे केला. खाली प्रमुख परीक्षकासाठी एक चौकट असते. तिथं 'फरक जाणवतो' एवढं लिहिलं की तेल थांबतं. तो नियम त्या उंच साहेबानं करून ठेवला आहे. माधव आवाज खाली आणून म्हणाला, "आपण लिहिलंत तर थांबेल. आपण आत होता की नव्हता, ते कुणी विचारणार नाही. आणि खोटंही नाही ना ते. फरक आहेच."

तेवढ्यात शकू बाहेर आली. मी तिला बाकावर बसायला सांगितलं. ती बसली नाही, माझ्यासमोर उभी राहिली. मी विचारलं, "तीन कसं लिहिलंस?"

"नव्यात माती न्हाई, बाई."

"म्हणजे?"

"जुन्याला आमच्या हिरीच्या काठाचा वास हाय. हिथंच व्हती हीर, आता बॉयलर हाय तिथं. सासऱ्यांनी काठाला वाळा लावला व्हता. पाणी शिंपडलं की जसं यायचं तसं जुन्यात येतंय. नव्यात वरवरचं गोड हाय, खाली कायबी न्हाई." मग तिनं माझ्याकडे चोरून पाहिलं. "चुकलं का?"

"नाही. पण मग आधी कधी असं वेगळं नाही लिहिलंस ते?"

"लिवलं व्हतं की. पयल्या सालात चारदा माझं येगळं आलं. तुमी पदर लावला की म्या माझं खोडून तुमचं लिवायची. आपल्याला काय कळतंय, आसं वाटायचं. एकदा माधवसायबांनी उत्तर वाचलं तवा कळलं, माझंच बरोबर व्हतं. पर तवर खोडलं व्हतं."

मला ती परीक्षा आठवली. पाचही जण चुकलो होतो, आणि पाचही जण चुकतात म्हणजे नमुनाच खराब निघाला असं ठरवून मोकळे झालो होतो. तसं ठरवणारी मीच होते. मला लाज वाटली, इतकी की तिच्याकडे बघवेना. मला वास येत होता तेव्हासुद्धा मी एका माणसाचं नाक बंद करून ठेवलं होतं, आणि ती मात्र मला विचारत होती, चुकलं का.

मी माधवकडून पेन्सिल घेतली. 'फरक जाणवतो' लिहिणं सोपं होतं. साबण वाचला असता, मीही वाचले असते, चार वर्षांनी शाल-नारळ घेऊन घरी गेले असते. आणि पुढच्या परीक्षेला मी पुन्हा पदर उचलला असता, आणि हिनं पुन्हा खोडलं असतं. मी चौकटीत लिहिलं: "मला आता वास येत नाही, म्हणून माझं मत धरू नये. शकुंतला संपत रायकर यांना फरक जाणवतो. याआधीही जाणवला होता. तो आम्ही ऐकला नाही. त्यांची एकटीची परीक्षा घ्यावी." खाली सही केली.

माधवनं ते वाचलं. "हे असं चालत नाही, बाई."

"मग चालव. तू तरुण आहेस."

तो कागद घेऊन पाहुण्या बाईंच्या खोलीत गेला. आम्ही दोघी बाकावर बसलो. या वेळी ती बसली. बराच वेळ झाला. आतून इंग्रजी बोलण्याचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता. माधव बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा घामेजला होता. म्हणाला, तेल तूर्त थांबलं आहे. उद्या सकाळी शकूला एकटीला बसवणार, सहा वेळा. आणि श्यामलाबाईंनी, म्हणजे मी, उद्यापासून खोलीत यायचं नाही. हे शेवटचं तो माझ्याकडे न बघता म्हणाला, आणि चिठ्ठ्या गोळा करून निघून गेला.

"मला एकटीला?" शकू म्हणाली. "आन् तुमी?"

मी तिला नियम सांगायला लागले. कांदा नको, तेल नको, फूल नको. रोजच तशी राहिलीस तर सोपं जातं, असंही म्हणणार होते. तिच्या अंबाड्यात अबोलीचा एक तुकडा होता. अबोलीला वास नसतो म्हणून मीच तिला तेवढी सूट दिली होती. मी बोलता बोलता थांबले. मला एक विचारायचं होतं आणि ते विचारण्यासारखं माणूस आयुष्यात दुसरं भेटणार नव्हतं.

"शकू, माझ्या अंगाला कसला वास येतो गं?"

ती माझ्याकडे सरकली, मानेशी वाकली, आणि डोळे मिटून तिनं हळू श्वास घेतला, खोलीत घेतात तसा, नियमानं. मग मागं झाली.

"कसलाच न्हाई, बाई. सा वर्सं तुमच्या शेजारी बसले, कधीबी कसलाच न्हाई आला." आणि मला बरं वाटावं म्हणून हसून म्हणाली, "तुमी असला काय न् नसला काय, कळायचंबी न्हाई."